काळोखाचें संगीत आणि आमचा काळोख

संगीताचें प्रयोजन काय, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना असून त्याचें उत्तरहि बहुधा ठरलेलें आहे. संगीतानें चित्ताचें रंजन व्हावें, तें प्रसन्न व्हावें, आणि होतां होतां निवांत व्हावें, एवढें सांगितलें म्हणजे आपले बहुतेक रसिक समाधान पावतात. १९४६ सालीं न्यूयॉर्क येथें जॉन केज या अमेरिकन रचनाकारास हिंदी संगीताचे पाठ देणाऱ्या गीता साराभाई यांनींहि आपल्या गुरूंचें मत म्हणून त्यास हेंच सांगितलें होतें कीं, मन स्थिर व शांत करून दैवी प्रभाव ग्रहण करण्यास तें योग्य करणें, हें संगीताचें कार्य होय. हें मत केजच्या मनांत इतकें रुजलें कीं पुढें आयुष्यभर तो त्याचा उल्लेख करीत राहिला. पण ज्या संगीताचा उघड हेतुच श्रोत्याचें मन अस्वस्थ करावें, त्यास भय वाटावें, किळस यावी असा आहे, त्याचें काय करावयाचें? तें संगीतच नव्हे असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हीहि तसेंच म्हणत होतों.

आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यास एका ध्वनिमुद्रणगृहांत काम करतो. गेल्या श्रावणांत तो चंद्रपुरास घरीं आला, तेव्हां कांहीं तबकड्या व फिती आमच्या स्वाधीन करून गेला. “सर, आधीं ऐका आणि मग शिव्या द्या,” एवढीच त्याची विनंती होती. या साऱ्या मुद्रिका छोट्या, स्वतंत्र, बहुधा एकदोन माणसांच्या हिंमतीवर चाललेल्या संस्थांनीं काढलेल्या असून त्यांतील संगीतास तिकडे ‘काळोखें प्रायोगिक संगीत’ अशा अर्थाचें नांव आहे. त्यांत राग नाहीं. ताल असलाच तर यंत्राचा. शब्द असले तर ते नीट ओळखूं येऊं नयेत अशी व्यवस्था केलेली. यंत्रांची घरघर, धातूवर धातु आपटल्याचे नाद, दूरच्या घंटा, पोकळ जागेंत घुमणारा वारा, मधूनच माणसाचा दबलेला स्वर, आणि या सर्वांच्या खालीं अखंड चाललेला एक खर्ज, असें त्याचें सामान्य रूप आहे. आम्हीं चारपांच रात्रीं ओसरीवर बसून तें लक्षपूर्वक ऐकलें. शिव्या देण्याचा बेत पुरता सिद्धीस गेला नाहीं आणि स्तुति करावी तर तिलाहि जागोजाग अडथळा आला. या अडचणींतूनच प्रस्तुत लेख निघाला आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे, कारण गोंगाटास संगीत म्हणण्याची कल्पना आजकालच्या कोणा उनाड तरुणाची नव्हे. लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकारानें १९१३ सालींच असें प्रतिपादिलें कीं, कारखान्यांच्या व मोटारींच्या युगांत जुन्या वाद्यांचे मोजके स्वर अपुरे पडतात, व गोंगाटाची स्वतंत्र कला निर्माण झाली पाहिजे. नुसतें बोलून तो थांबला नाहीं. गुरगुरणारीं, फुत्कारणारीं, कडकडणारीं यंत्रवाद्यें त्यानें स्वतः तयार केलीं. पुढें १९४८ सालीं पॅरिस येथें पिएर शेफेर यानें आगगाडीच्या इंजिनांचे, चाकांचे व शिट्यांचे आवाज मुद्रित करून, ते कापून, जोडून व उलटेसुलटे करून त्यांतून एक रचना सिद्ध केली. ज्यानें बल्लारशाहच्या फलाटावर मध्यरात्रीं मालगाडीचे डबे एकामागून एक झटका घेत सरकतांना ऐकले आहेत, त्यास या प्रयोगामागची बुद्धि पटण्यास कठीण जाऊं नये. तथापि रुसोलो व शेफेर यांच्या प्रयोगांत कुतूहल अधिक व भीति कमी आहे. यंत्राचा आवाज नवा आहे, म्हणून तो ऐकावा, इतकेंच त्यांचें म्हणणें. यंत्राच्या आवाजांत मनुष्याच्या हालाची गोष्ट आहे, हें म्हणणारे पुढें तीस वर्षांनीं आले.

१९७६ सालीं लंडनच्या हॅकनी भागांत चार तरुणांनीं ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ नांवाची संस्था काढली. जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुटी, पीटर क्रिस्टोफरसन व क्रिस कार्टर हे ते चौघे असून ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या नांवानें ते स्वतःच वादन करीत. मोठ्या कंपन्या आपलें संगीत कधींहि छापणार नाहींत हें ते जाणून होते, म्हणून स्वतःच प्रकाशक झाले. ‘द सेकंड ॲन्युअल रिपोर्ट’ ही त्यांची पहिली मोठी तबकडी १९७७ सालीं निघाली, ती अवघ्या ७८५ प्रतींची. व्यापारी संस्थेच्या वार्षिक अहवालाचें नांव तबकडीस देण्यांत एक कोरडा उपरोध आहे, व तो आम्हांस आवडला. औद्योगिक माणसांसाठीं औद्योगिक संगीत, अशा आशयाचें त्यांचें घोषवाक्य होतें. ‘औद्योगिक संगीत’ हें पुढें जगभर रूढ झालेलें नांव या छोट्याशा संस्थेवरून पडलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ७८५ ही संख्या वाटते तितकी क्षुद्र नव्हती असें दिसून येईल.

अशा लहान संस्थेचें महत्त्व कशांत असतें, हें समजण्यास आपल्याच देशांतील उदाहरण पुरेसें आहे. १९०२ सालीं विलायतेच्या ग्रामोफोन कंपनीनें कलकत्त्यास हिंदी गाणें प्रथम मुद्रित केलें, आणि १९०८ सालीं तेथें तबकड्यांचा कारखाना निघाला. तेव्हांपासून कित्येक वर्षें कोणाचें गाणें टिकावें व कोणाचें हवेंत विरून जावें, याचा निवाडा बहुतांशीं त्या कंपनीच्या व तिच्या दोनचार प्रतिस्पर्ध्यांच्या हातांत होता. १९३५ च्या सुमारास मुंबईस नॅशनल ग्रामोफोन कंपनीनें ‘यंग इंडिया’ ही छाप काढली व बड्या कंपनीच्या दारांत ज्यांस जागा नव्हती अशा अनेक नव्या व हौशी गायकांस तबकडीवर आणलें. सुमारें वीस वर्षें चालून ती छाप बंद पडली. पण जुन्या मुद्रिकांचे संग्राहक आजहि तिच्या तबकड्या आवडीनें शोधतात. ग्रंथप्रकाशकाप्रमाणें ध्वनिमुद्रिकांच्या प्रकाशकासहि एक अभिरुचि असावी लागते, आणि ती अभिरुचि गिऱ्हाइकाच्या मागें न धांवतां त्याच्या पुढें चालणारी असली, तरच त्याच्या कार्यास वाङ्मयीन अर्थानें प्रकाशन म्हणतां येतें. या कसोटीस लंडनची ही संस्था उतरते, यांत शंका नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतींकडे वळूं. ‘सेकंड ॲन्युअल रिपोर्ट’ आम्हांस दोनदां ऐकूनहि रुचला नाहीं. त्याची एक बाजू बहुतेक प्रत्यक्ष प्रयोगांतून टिपलेली आहे. मुद्रण ओबडधोबड, आणि विषय मुद्दाम किळसवाणे निवडलेले. शाळकरी मुलानें पाहुण्यांसमोर मेलेला उंदीर आणून दाखवावा व त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहात उभें राहावें, तसा हा प्रकार वाटतो. परंतु पुढच्या वर्षीं, म्हणजे १९७८ सालीं, निघालेल्या ‘डी. ओ. ए.’ या तबकडींत ‘हॅम्बर्गर लेडी’ नांवाची एक रचना आहे, ती निराळ्या योग्यतेची आहे. अंग भाजलेल्या एका रुग्ण स्त्रीविषयीं, अशा रुग्णांमध्यें काम केलेल्या एका मनुष्यानें लिहिलेलें पत्र, हाच तिचा मजकूर. वाचणाऱ्याचा आवाज इतका विकृत केलेला कीं मधूनमधून एखादाच शब्द कानांत शिरतो. मागें कण्हण्यासारखा एक नाद वरखालीं होत राहतो, आणि एक ठोका नाडीसारखा चालू असतो. शीर्षकाचा क्रूर विनोद प्रथम संतापजनक वाटतो. परंतु दोनतीन मिनिटांनीं ध्यानांत येतें कीं, ही क्रूरता रचनाकारांची नसून, असह्य दुःखाकडे रोज पाहावें लागणाऱ्या माणसांच्या भाषेंतली आहे. रुग्णालयाच्या आवारांत ज्यांनीं रात्र काढली आहे, त्यांस ही भाषा अपरिचित नाहीं. या रचनेच्या अखेरीस आमच्या मनांत जो भाव उरला तो किळसेचा नव्हता. तो करुणेचा होता.

येथें आपल्या शास्त्राची थोडी मदत घेतां येईल. भरतानें भयानक व बीभत्स यांस रसांत स्थान दिलें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण नाट्यशास्त्रांत स्वरांची व रसांची जी वांटणी सांगितली आहे, तींत धैवत हा स्वर या दोन रसांकडे नेमून दिला आहे, हें सहसा कोणाच्या लक्षांत नसतें. म्हणजे भय व जुगुप्सा यांची योजना संगीतांत व्हावी हें प्राचीनांस मान्य होतें. ती जागा पुढें आपल्या गायकवादकांनीं जवळजवळ रिकामीच ठेवली. शृंगार, करुण, शांत आणि थोडा वीर, एवढ्यांतच आपला संसार आटोपला. तेव्हां भयाचें संगीत ऐकतांच ‘हें आमच्या परंपरेबाहेरचें’ म्हणून नाक मुरडण्याचा आपणांस फारसा अधिकार नाहीं. विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे कीं, लौकिक भयाचा रस झाला आहे कीं नाहीं? वाघ समोर आल्यावर वाटतें तें भय रस नव्हे. आणि कोणी पाठीमागून येऊन कानांत ओरडला म्हणजे वाटतें तें तर नव्हेच नव्हे. भय माझें किंवा तुझें न राहतां सर्वांचें झालें, आणि त्याकडे क्षणभर स्थिर चित्तानें पाहतां आलें, म्हणजेच तें रसपदवीस पोंचतें. या कसोटीनें ‘हॅम्बर्गर लेडी’ उत्तीर्ण होते व ‘सेकंड ॲन्युअल रिपोर्ट’ अनुत्तीर्ण होतो, असें आमचें मत आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल या संस्थेस दोष दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. तिचें बोधचिन्ह म्हणून जें अंधुक छायाचित्र तबकड्यांवर छापलें जाई, तें ऑश्विट्झ येथील प्रेतदहनगृहाचें आहे. कारखानदारी संस्कृतीचें अंतिम फळ काय, हें दाखविण्यासाठीं तें निवडलें, असें समर्थन करतां येईल. आणि ज्या ठिकाणीं माणसें मारण्याचाच कारखाना उभारला गेला, त्याची आठवण ‘औद्योगिक’ या शब्दास चिकटलेली असावी, हा विचार पोकळहि नाहीं. परंतु विचार हा एकदां मांडावयाचा असतो. प्रत्येक मालावर छापलेला विचार हा विचार राहात नाहीं, त्याचा शिक्का होतो. आणि लक्षावधि निरपराध माणसांच्या राखेचा शिक्का करण्याची मुभा कोणत्याहि कलेस नाहीं. दुसऱ्याच्या दुःखाची प्रतिमा वापरणाऱ्यानें तिचें मोल कोठेंतरी स्वतः चुकविलें पाहिजे. भाजलेल्या स्त्रीच्या रचनेंत तें चुकविलेलें दिसतें, बोधचिन्हांत दिसत नाहीं. १९८१ सालीं हे चौघे विभक्त झाले व संस्थेचें मूळ कार्य थांबलें. पुढें त्यांचें अनुकरण करणारांनीं त्यांच्या चिकाटीपेक्षां त्यांच्या शिक्क्यांचेंच अधिक अनुकरण केलें, ही त्या दोषाची शिक्षा म्हणावी लागेल.

दुसऱ्या मुद्रिका स्वीडनमधील ‘कोल्ड मीट इंडस्ट्री’ या संस्थेच्या होत्या. रॉजर कार्मानिक यानें १९८७ सालीं ती सुरू केली. तिच्या छापेखालीं ‘रेझाँ देत्र’ या नांवानें पीटर अँडरसन यानें काढलेल्या कृतींत मठांतील भिक्षूंचें पठण, घंटा व गंजलेल्या लोखंडाचे नाद यांचें मिश्रण आहे. याच जातीची, पण दुसऱ्या संस्थेनें काढलेली, ‘लस्टमॉर्ड’ या वेल्श कलावंताची ‘हेरसी’ ही १९९० सालची कृति असून तिच्यासाठीं त्यानें गुहांत व तळघरांत जाऊन तेथील घुमणारे ध्वनि टिपले. या संगीतांत लंडनकरांचा आरडाओरडा नाहीं. येथें भय विस्तीर्ण आहे, गंभीर आहे, आणि कांहीं ठिकाणीं खरोखर भव्यहि आहे. ओसाड देवळाच्या गाभाऱ्यांत शिरल्यावर आपल्याच श्वासाचा आवाज मोठा वाटावा, तसा अनुभव ‘हेरसी’च्या कांहीं भागांत येतो, मार्कंड्याच्या मंदिरसमूहांत यात्रा नसतांना एकटें फिरलेल्या वाचकास आम्ही काय म्हणतों तें कळेल. पण एकामागून एक चार मुद्रिका ऐकल्यावर वाटूं लागतें कीं, हा काळोख भाड्यानें मिळणाऱ्या पडद्यासारखा आहे. तीच घंटा, तोच खर्ज, तीच पोकळी. भय जेव्हां सुखावह होऊं लागतें, तेव्हां श्रोत्यानें सावध व्हावें.

आमचें हें मत कदाचित् येथेंच थांबलें असतें. परंतु त्या विद्यार्थ्याचा वडील भाऊ एके रात्रीं आमच्याकडे आला होता. बल्लारपूर परिसरांतील भूमिगत कोळसाखाणींत त्यानें बरींच वर्षें काम केलें आहे. आम्हीं त्यास ‘हेरसी’चा कांहीं भाग ऐकविला व विचारलें, “कसें वाटतें? भीति वाटते कां?” त्यानें दहा मिनिटें शांतपणें ऐकलें व म्हटलें, “नाही सर. असा आवाज चालू हाये तोवर भेव नाही. खाणीतला पंखा बंद पडला का मंग भेव वाटते.” मग त्यानें सांगितलें कीं, जमिनीखालीं हवा खेळविणाऱ्या मोठ्या पंख्याची व पाणी उपसणाऱ्या पंपांची घरघर ही खाणकामगारास आईच्या श्वासासारखी असते. ती कानास ऐकूंसुद्धां येत नाहीं. ती थांबली, कीं मात्र प्रत्येकाचें मस्तक एकदम वर होतें. आणि त्या शांततेंत छताचा एखादा बारीकसा करकर आवाज आला, तर जुना माणूस हातांतलें काम टाकून आधीं बाहेरची वाट धरतो.

कलेच्या चर्चेंत आम्हीं आयुष्याचीं तीस वर्षें घालविलीं. पण इतकी नेमकी टीका क्वचितच ऐकिली असेल. या सर्व काळोख्या संगीताची जी मूलभूत चूक आम्हांस जाणवत होती व शब्दांत पकडतां येत नव्हती, ती त्यानें एका वाक्यांत दाखविली. हे रचनाकार गोंगाटास भयाचें कारण समजतात. परंतु यंत्रांत जगणाऱ्या माणसाचें भय यंत्राच्या आवाजांत नसतें, तें आवाज थांबण्यांत असतें. आमचें घर असें आहे कीं, वारा उत्तरेचा असला म्हणजे महाऔष्णिक वीजकेंद्राची घरघर रात्रीं अंगणांत ऐकूं येते. २,९२० मेगावॅट शक्तीच्या त्या केंद्राच्या आवाजानें आमची झोंप कधीं मोडली नाहीं. त्या आवाजावर घरें चालतात, मुलें शिकतात, लग्नें होतात. त्याच आवाजाबरोबर येणाऱ्या राखेनें खोकलाहि येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांची जी प्रतवारी लावली, तींत अतिप्रदूषित म्हणून चंद्रपुराचा क्रमांक चौथा होता. अन्न आणि खोकला एकाच धुराड्यांतून येतात, हें आमचें औद्योगिक जीवन. लंडनच्या तरुणांनीं त्यांतला खोकला तेवढा टिपला. अन्न त्यांच्या लक्षांत आलें नाहीं, कारण तें त्यांना दुसरीकडून मिळत असावें.

काळोखाविषयींहि हेंच म्हणतां येईल. आमच्या दोन जिल्ह्यांस (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) काळोख ही कल्पना म्हणून शिकावी लागत नाहीं. मोहफुलें वेंचण्यास भल्या पहाटे निघालेली बाई वाघाच्या भीतीनें चार जणींस हांका मारून मगच रानांत शिरते. गडचिरोलीच्या दक्षिण भागांत चार दशकें दोन बाजूंच्या बंदुकांच्या मध्यें माणसें संध्याकाळीं दार लावून बसलीं, आणि दारावर थाप पडली तर ती कोणाची असेल, या विचारांत त्यांनीं रात्री काढल्या. पण याच काळोखांत ताडोब्याच्या तळ्याकांठीं रातव्याचा ठोकल्यासारखा आवाज चालू असतो, सांबराच्या एका हांकेनें सारें रान कान टवकारतें, बांबूंचीं बेटें एकमेकांस घासून कुरकुरतात. आणि दूरच्या पाड्यावर मांदरीच्या तालावर रेला गाणाऱ्या मुलामुलींचे आवाज वाऱ्याबरोबर येतात व जातात. आमचा काळोख निर्जन नाहीं. त्यांत भय आहे तसें घर आहे. स्वीडनच्या मुद्रिकांतला काळोख सुंदर असला तरी त्यांत कोणी राहात नाहीं, हें त्याचें वैगुण्य.

मग भयाला व विषादाला वसतिस्थान देणारें संगीत आपल्याकडे मुळींच नाहीं काय? उस्ताद अमीर खां यांची १९६० मध्यें निघालेली मारव्याची तबकडी ज्यांनीं एकाग्रतेनें ऐकली आहे, ते तसें म्हणणार नाहींत. मारव्यांत पंचम वर्ज्य. षड्जावर गायक टेकतच नाहीं म्हटलें तरी चालेल. कोमल ऋषभ आणि धैवत यांच्या दोन टोंकांमध्यें स्वर अधांतरीं लोंबकळत राहतो. घर डोळ्यांसमोर असून त्यांत पाऊल पडत नाहीं, अशी ती सायंकाळ आहे. भरताचा धैवत व आजचा धैवत एक नव्हेत, हें आम्ही जाणतों. तरीहि मारव्यांत धैवताचें जें प्राबल्य आहे, त्याकडे पाहतां जुन्या आचार्यांच्या वांटणीचें स्मरण होतें खरें. आणि वाङ्मयांत जी. ए. कुलकर्ण्यांनीं १९७२ च्या ‘काजळमाया’ संग्रहांत जो काळोख उभा केला, त्यांत तर माणसें ओळखीच्या चेहऱ्यांनीं वावरतात. गोंगाटाची मदत न घेतां हें साधतें, एवढाच आमचा मुद्दा आहे.

येथवर दोष पुष्कळ दाखविले. पण त्या छोट्या संस्थांपुढें आम्हांस मान खालीं घालावी लागते ती एका निराळ्याच कारणासाठीं. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेंत १९६९ सालीं डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन वादकाच्या साह्यानें विद्युत्-संगीताची एक कार्यशाळा उभी राहिली होती. मूग नांवाचें ध्वनिजनक यंत्र तेथें आणलें गेलें, आणि आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनीं त्यावर धीट रचना केल्या. मन शांत करणें हें संगीताचें कार्य मानणाऱ्या गीता साराभाईहि त्यांत होत्या, ही गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते. प्रयोग करण्यास श्रद्धा सोडावी लागत नाहीं, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें. तीनचार वर्षांत तें काम थांबलें. त्या फिती संस्थेच्या संग्रहांत सुमारें चार दशकें पडून राहिल्या. पॉल पर्गस या लंडनच्या कलावंतानें त्या शोधून काढल्या आणि २०२३ सालीं तिकडच्याच एका स्वतंत्र संस्थेनें त्या प्रसिद्ध केल्या. आपल्या देशांत झालेला प्रयोग ऐकण्यास आपणांस परदेशी प्रकाशकाची वाट पाहावी लागली. कारण आपल्याकडे रचनाकार होते, यंत्र होतें, इमारत होती, पण शंभर श्रोत्यांसाठींसुद्धां तबकडी काढीन, म्हणणारा प्रकाशक नव्हता.

अलीकडे हें चित्र थोडें पालटत आहे. मुंबईंत निघालेली ‘ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी रेकॉर्ड्स’ ही संस्था हेवी मेटल नांवाच्या कर्कश संगीताच्या अत्यंत कडव्या शाखांच्या मुद्रिका काढते, आणि त्याहि बहुतांशीं परदेशांतील वाद्यवृंदांच्या. जर्मनींतील व ब्राझीलमधील तरुण आपली कृति छापण्यास मुंबईकडे पाहतात, ही दिशा आम्हांस नवी आहे. त्या नांवांतील इंग्रजी शब्दास ‘अंधुकता’ आणि ‘अप्रसिद्धि’ असे दोन्ही अर्थ आहेत. पहिल्या अर्थाचा काळोख ही कलावंताची आवड असेल. दुसऱ्या अर्थाचा काळोख दूर करणें हें प्रकाशकाचें कर्तव्य होय.

त्या कर्तव्याची गरज आमच्या जिल्ह्यांइतकी दुसरीकडे क्वचितच असेल. व्हेरियर एल्विन व शामराव हिवाळे यांनीं गोंडांच्या गाण्यांचा इंग्रजी संग्रह १९३५ सालीं प्रसिद्ध केला. शब्द राहिले, पण त्या दिवशीं तीं गाणीं गाणाऱ्यांचे स्वर कागदावर उतरणें शक्य नव्हतें. आज तें शक्य आहे, तरी रेला, दंडार, महाकालीच्या चैत्रयात्रेंतील गजर यांच्या नीट टिपलेल्या, गाणाराच्या नांवानिशीं व त्याच्या संमतीनें छापलेल्या मुद्रिका कोठें मागावयास जावें, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. वडशाच्या झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतर रात्ररात्र नाटकें रंगतात. २०२३ सालीं तेथील परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली. पण त्या रात्रींचा नाद दुसऱ्या दिवशीं उन्हांत नाहींसा होतो. एटापल्लीच्या डोंगरांत सुरजागडचें लोहखनिज अलीकडच्या वर्षांत मोठ्या प्रमाणावर निघूं लागलें आहे. ज्या पाड्यांवर मांदरी ऐकूं येत असे, तेथें खनिज वाहणाऱ्या गाड्यांचा आवाज पोंचला आहे. या दोन्ही आवाजांची साक्ष एकाच वेळीं टिपून ठेवण्याचा हा काळ आहे. थोड्या वर्षांनीं एकच उरेल.

हें काम सरकारनें करावें, असें म्हणून हा लेख संपविणें रीतीस धरून झालें असतें. दोन्ही जिल्ह्यांसाठीं २०११ सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें आहे, व त्यानें असा ध्वनिसंग्रह करावा अशी अपेक्षा बाळगण्यांत वावगें कांहीं नाहीं. पण संग्रह निराळा व प्रकाशन निराळें. अहमदाबादच्या फितींस संग्रह होता, प्रकाशक नव्हता. लंडनच्या चौघांपासून शिकण्यासारखें आहे तें हेंच. त्यांचा शिक्का घेऊं नये, त्यांची किळस घेऊं नये. ७८५ प्रती काढण्याची त्यांची निःशंक वृत्ति मात्र घ्यावी. आमच्या त्या माजी विद्यार्थ्यास मुद्रणकला येते, त्याच्या भावास खाण ठाऊक आहे, आणि पाड्यांवरील गाणारांशीं आदरानें बोलूं शकतील असे तरुण आमच्या महाविद्यालयांत दरवर्षीं येतात. भांडवल थोडें लागेल. तें काढण्यास चंद्रपूरच्या सुशिक्षित घरांनीं एक दिवाळीचा फराळ जरा कमी केला तरी पुरे.

निघतांना त्या खाणकामगारानें आम्हांस एक प्रश्न विचारला. पंखा बंद पडल्यावर खाणींत जी शांतता होते, ती फितीवर घेतां येते काय? आम्हीं त्यास प्रामाणिकपणें सांगितलें कीं, आम्हांस ठाऊक नाहीं. तुझ्या भावास विचारावें लागेल. भाऊ येत्या दिवाळींत घरीं येणार आहे.